उजव्या बाजूचं दार

अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमधल्या बायका नवऱ्यांना टोमणे मारायला लागल्या की हटकून एकच नाव निघायचं, ते म्हणजे सूर्यकांत सबनीसांचं. कारण उघड होतं. शुक्रवारी संध्याकाळी सबनीस मंडळी बाहेर निघाली की सूर्यकांतराव आधी गाडीच्या उजव्या अंगाला जायचे, बायकोसाठी दार उघडायचे, ती पदर सावरून नीट बसली की दार हलक्या हाताने लावायचे, आणि मगच वळसा घालून डावीकडे आपल्या जागेवर जायचे. दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असतं, म्हणजे आपल्याकडच्या बरोबर उलटं. बाकीचे नवरे तोवर इंजिन चालू करून हॉर्न वाजवत असायचे. तिसऱ्या मजल्यावरची शोभना तर आपल्या नवऱ्याला तोंडावर म्हणायची, "सबनीसांकडे महिनाभर शिकवणीला जा."

हा मान सोडला तर सूर्यकांतराव हे नवरा म्हणून तसं रुक्षच प्रकरण होतं. माणूस सज्जन, निर्व्यसनी, पण तोंडातून गोड शब्द निघेल तर शपथ. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी एकदा बायकोला प्रेशर कुकर आणला होता, तोही दुकानात झाकण चार वेळा लावून-काढून तपासून. सुहासिनी नवी साडी नेसून समोर उभी राहिली तर ते "बरी आहे" म्हणायचे, आणि पाच मिनिटांनी विचारलं असतं तर साडीचा रंग सांगता आला नसता. डोकं सदैव कुठल्यातरी गिअरबॉक्समध्ये. रास अल खोरमध्ये विलायती बनावटीच्या अवजड लॉऱ्या विकणारी आणि दुरुस्त करणारी एक कंपनी होती, तिच्या वर्कशॉपचे ते प्रमुख. वाळवंटात ट्रान्सफॉर्मर, क्रेन, तेलाच्या विहिरींची यंत्रं ओढून नेणाऱ्या त्या धुडांची त्यांना जेवढी माहिती होती तेवढी स्वतःच्या शर्टाच्या मापाची नव्हती.

सुहासिनीने हे सगळं पोटात घातलं होतं, आणि घालू शकली होती ती त्या दारामुळे.

एक्याऐंशी साली ती पुण्याहून दुबईला उतरली तेव्हा लग्न होऊन सात-आठ महिने झाले होते आणि नवऱ्याबरोबर राहून जेमतेम पंधरा दिवस. बाकीचा वेळ व्हिसाची वाट बघण्यात गेला होता. विमानतळाबाहेरच्या उकाड्याने तिचा जीव घाबरा झाला. हा माणूस आपल्याला आठवतो तसाच आहे का, आपण इथे काय म्हणून आलो, अशी सगळी भीती घेऊन ती कंपनीच्या गाडीपाशी उभी राहिली. आणि त्यांनी पुढे होऊन दार उघडलं. "बस," एवढंच म्हणाले. तिच्या माहेरी वडिलांनी आईसाठी कधी पाण्याचा पेलासुद्धा पुढे केला नव्हता. सुहासिनीने त्या क्षणी मनाशी ठरवून टाकलं की ह्यांना बोलता येत नाही, पण ह्यांना कळतं. पुढचा सगळा संसार तिने त्या एका आधारावर केला. मुलगी परक्या देशात झाली, आई गेली तेव्हा वेळेवर पोचता आलं नाही, सणासुदीला चार भिंतींत रडू कोसळलं. प्रत्येक वेळी नवऱ्याचं तोंड बंदच होतं, पण दार उघडत होतं.

आता दोन हजार एक साल उजाडलं होतं. सुहासिनी जवळच्या इंडियन स्कूलमध्ये आठवी-नववीला गणित शिकवत होती, आणि सूर्यकांतरावांच्या आयुष्यात एक नवी भानगड आली होती.

वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनी लेलँड लॉरी पडून होती. लांब नाकाची, उंच चाकांची, एके काळी हिरवी असावी. कंपनीचे मालक खलफान, ज्यांना सगळे अरबाब म्हणजे धनी म्हणायचे, त्यांच्या वडिलांनी ती विलायतेहून मागवली होती. तेव्हा दुबईला धड बंदरही नव्हतं. बोट बाहेर समुद्रात थांबली आणि लॉरी तराफ्यावरून खाडीत आली. त्या काळी इथेही वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालायची, म्हणून तिचं स्टेअरिंग उजवीकडे. मग सहासष्ट साली रस्त्यांनी बाजू बदलली आणि लोकांनी हळूहळू गाड्या बदलल्या. म्हाताऱ्याने मात्र लॉरी बदलली नाही आणि तिचं स्टेअरिंगही कुणाला हलवू दिलं नाही. तो गेला आणि लॉरी ताडपत्रीखाली गेली. आता कंपनी पलीकडच्या मोठ्या यार्डात जाणार होती, आणि नव्या फाटकातून पहिली गाडी आत शिरेल ती बापाचीच, असं अरबाबने ठरवलं होतं.

काम अर्थातच सूर्यकांतरावांकडे आलं. गुरुवारचा अर्धा दिवस आणि निम्मे शुक्रवार त्या लॉरीच्या पोटाखाली जाऊ लागले. घरी जेवताना विषय तिचाच. "आज क्लच सुटला," हे ते अशा चेहऱ्याने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी परीक्षेत पहिलं आलंय. त्यांची मुलगी इरा अठरा वर्षांची, दुबईतच वाढलेली. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. "बाबा, इज शी फॅमिली नाऊ?" तिने एकदा विचारलं. सुहासिनी शोभनाला म्हणाली, "सवत असावी तर अशी. निदान पोळ्या तरी मागत नाही." तिला त्या लॉरीचा राग नव्हता. कसला राग यायचा, दाराचा मान तिचा तिच्याकडे होता.

त्या मानाला धक्का लावला तो अनिलने, आणि तोही मसालेभात खाता खाता.

अनिल वर्कशॉपमध्ये नव्याने आलेला इंजिनिअर, नाशिकचा. बायको अजून यायची होती, म्हणून शुक्रवारी दुपारी सबनीसांकडे जेवायला यायचा. त्या दिवशी दही संपलेलं ऐन वेळी लक्षात आलं आणि सूर्यकांतराव खालच्या दुकानात गेले. इरा मैत्रिणीकडे गेली होती. सुहासिनीने अनिलच्या पानात भात वाढला.

"मग, बायको कधी येतेय?"

"व्हिसा झाला वहिनी. पुढच्या महिन्यात येईल, इन्शाल्ला."

"एक सांगते, ऐक. बाकी काही नाही जमलं तरी चालेल. पण ती गाडीत बसायला आली की दार उघडून दे. तुझ्या सरांकडून शीक. इतकी वर्षं झाली, एकदा चुकले नाहीत."

अनिलला हसू आलं. "वहिनी, ते तर सर आमच्यासाठी पण करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे सर कुठल्याही गाडीला आधी उजवीकडूनच चढायला जातात ना. इंडियाची सवय. टेस्ट ड्राइव्हला निघाले की उजवं दार उघडतात, आत बघतात, स्टेअरिंग नाही. मग दार लावून गोल फिरून येतात. बाजूला कुणी उभा असला तर त्यालाच म्हणतात, बस. आम्ही त्याला सरांची प्रदक्षिणा म्हणतो. पठाण ड्रायव्हर तर रोज सकाळी विचारतात, आज साहब कितनी बार घूमा?"

एवढं बोलून त्याने मजेत आणखी थोडा भात वाढून घेतला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, घरात हे माहीतच असणार. सुहासिनीही हसली. दही आलं, तिने ते वाढलं, स्वतःला घ्यायला मात्र विसरली.

बाई गणिताची होती. ऐकलेल्या गोष्टीवर विसंबायचं नाही, हे मुलांना सांगता सांगता तिच्या स्वतःच्या अंगात मुरलं होतं. शनिवारी सकाळी नवरा डबा घेऊन खाली उतरला तशी ती बाल्कनीत कपड्यांच्या आडोशाला उभी राहिली. समोरच्या वाळूच्या मोकळ्या जागेत गाडी होती. सूर्यकांतराव सरळ उजव्या दाराशी गेले, दार उघडलं, वाकले, जरा थांबले, दार लावलं आणि वळसा घालून डावीकडे आले. आसपास चिटपाखरू नव्हतं. रविवारी तेच. सोमवारी त्यांनी उघडलेल्या दारातून डबा सीटवर ठेवला आणि जणू तेवढ्यासाठीच आलो होतो असा चेहरा केला. बघणारं कुणी नव्हतं. तो चेहरा स्वतःलाच दाखवायचा होता.

एरवी सुहासिनी ते बघून पोट धरून हसली असती. आता तिला राग आला, आणि रागाच्या खाली लाज होती. किती जणींना तिने ही गोष्ट सांगितली होती! आईला पत्रातून, बहिणीला फोनवरून, शोभनाला तर दर आठवड्याला. नवऱ्याला स्टेअरिंग सापडत नव्हतं आणि ही बाई राणीसारखी बसत होती. ते दार काढून टाकलं तर हातात काय राहत होतं? प्रेशर कुकर. ह्या माणसाचं आपल्यावर कधी प्रेम होतं का, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता, कारण उत्तर आधीच मिळालं आहे असं ती धरून चालली होती. आता तो प्रश्न पोळपाटावर, फळ्यावर, उशीवर, जिथे तिथे समोर येऊ लागला.

पुढच्या शुक्रवारी सूर्यकांतरावांनी नेहमीसारखं उजवं दार उघडलं, तोवर सुहासिनी मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसलीसुद्धा. ते उघडं दार हातात धरून उभे राहिले.

"मागे का?"

"मागे ऐसपैस वाटतं."

इरा पुढे बसली आणि एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत म्हणाली, "आई, बाबा लुक्स लाइक युअर टॅक्सी ड्रायव्हर."

ते बर दुबईला देवळात जाऊन आले, मग इरा मीना बाजारात शिवायला टाकलेला ड्रेस आणायला गेली. गाडी खाडीच्या काठी उभी होती. समोरून माणसांनी भरलेल्या अब्रा होड्या फटफटत जात होत्या. नवरा पुढे, बायको मागे, आणि मधे शेजारची रिकामी सीट.

"कंबर दुखतेय का तुझी?" सूर्यकांतरावांनी आरशातून विचारलं. त्यांच्या मते मागे बसण्याचं दुसरं कारण संभवत नव्हतं.

"अहो, मला एक खरं सांगा. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी दार उघडत होतात, की स्टेअरिंग शोधत होतात?"

एक होडी काठाला लागली, माणसं उतरली, दुसरी चढली.

"स्टेअरिंग," ते म्हणाले.

आता इथे दुसरा कुणीही नवरा असता तर त्याने काहीतरी गोड थाप मारून वेळ मारून नेली असती. पण सूर्यकांतरावांना थाप मारता येत नव्हती. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला "गाडी उद्या मिळेल" हे देखील ते कधी खोटं सांगत नसत.

"पहिल्या दिवशी, एअरपोर्टवर?"

"तेव्हाही तेच. सवयीने गेलो, दार उघडलं, बघतो तर चाक दुसरीकडे. तू मागेच उभी होतीस. म्हटलं, बस."

"आणि मला कळू दिलं नाहीत."

"तू किती खूश झाली होतीस. दुसऱ्या दिवशी आईंना लिहिलंस, मला वाचूनही दाखवलंस. मग कोणत्या तोंडाने सांगणार?"

"एकदासुद्धा मुद्दाम नाही उघडलंत? एवढ्या वर्षांत एकदा?"

सूर्यकांतरावांनी तो प्रश्न फार मनावर घेतला. इंजिनातला बारीक आवाज शोधताना मान वाकडी करून ऐकतात तसे ते कितीतरी वेळ बसून राहिले. आणि मग प्रामाणिकपणे म्हणाले, "नक्की सांगता नाही येणार. मी लक्ष नाही दिलं कधी."

अशा माणसाला काय करावं, सांगा.

"झालं तर मग," सुहासिनी म्हणाली. "खलास." आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. इरा ड्रेस घेऊन आली, दार उघडताच तिला हवा कळली, आणि ती ड्रेसची पिशवी मांडीवर घेऊन बसली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भांडण नव्हतं, भांडण झालं असतं तर बरं. डबा वेळेवर भरला जात होता, इस्त्रीचे कपडे कपाटात लागत होते, चहात साखर बरोबर पडत होती. सूर्यकांतराव दोनदा काहीतरी बोलायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि "गॅस संपत आलाय का?" असं विचारून परत गेले.

अडचण अशी होती की आता त्यांनी दार उघडलं असतं तरी काही सिद्ध होणार नव्हतं. त्यात सवय किती आणि मन किती, हे कसं ओळखायचं? अज्ञात दोन आणि समीकरण एकच असलं की उत्तर काढता येत नाही, हे सुहासिनी त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला समजावत होती आणि समजावता समजावता खडू हातात धरून मधेच थांबली होती. सूर्यकांतरावांनाही ते उमगलं असावं. कारण त्यांनी एक भलताच उपाय काढला. लक्ष ठेवून, स्वतःला बजावून, ते आता सरळ डावीकडे जायला लागले. सुहासिनी सवयीने पुन्हा पुढे बसू लागली होती, पण आपलं दार आपण उघडून. जी चूक कळल्याने एवढं रामायण झालं होतं, ती चूकही आता होईनाशी झाली, ह्याचं तिला जास्त वाईट वाटलं. हे तिने कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

नव्या यार्डाचा दिवस ठरला तेव्हा तिने शाळेच्या पेपरांचं कारण पुढे केलं. पण आदल्या संध्याकाळी खुद्द अरबाबचा फोन आला. जुना दुबईकर, हिंदी फर्डी बोलायचा. "सिस्टर, सूरिया ने एक साल फ्रायडे हमको दिया. वो आपका फ्रायडे था. कल फर्स्ट राउंड में आप बैठेगा गाडी में. मैं नहीं बैठेगा, मेरा बेटा नहीं बैठेगा. आप." आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शिवाय चारचौघांत शोभा नको. तिने मोरपंखी साडी काढून ठेवली.

शुक्रवारी सकाळी जुन्या यार्डात सगळं वर्कशॉप लोटलं होतं. मल्याळी फिटर, पठाण ड्रायव्हर, स्टोअरमधला गोवेकर, सगळे धुतलेल्या कपड्यांत. अरबाब खुर्ची टाकून बसले होते आणि कुणीतरी त्यांच्या हातात ऊद जळत असलेली धूपदानी दिली होती. त्यांनी उठून तो धूर लॉरीच्या नाकाखालून फिरवला. लॉरी हिरवीगार, पितळेचे भाग लखलखीत. बाकीच्या आधुनिक गाड्या मागे ओळीने उभ्या होत्या आणि ही त्यांच्यापुढे थोरल्या जाऊबाईसारखी ठाण मांडून होती. सुहासिनीला मनातून ती आवडली. तिला कबूल करायचं नव्हतं, पण आवडली.

"यल्ला, चलो सूरिया," अरबाब म्हणाले.

सूर्यकांतराव निघाले ते सरळ उजव्या दाराकडे. पायरीवर पाय ठेवला, दार उघडलं, आणि आत चक्क स्टेअरिंग होतं. सगळ्या यार्डात एकच गलका झाला. ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. "साहब, आज सीधा!" कुणीतरी ओरडलं. अनिलला तर हसता हसता डोळे पुसावे लागले. "सर, आज प्रदक्षिणा नाही!" इतक्या वर्षांनी एक गाडी अशी मिळाली होती की जी साहेबांच्या सवयीला बरोबर म्हणत होती. सूर्यकांतरावही हसले, चढले, आणि इंजिन चालू केलं. ते पहिल्या झटक्यात बोललं. धुराचा एक काळा लोट वर गेला, अरबाबने डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

सुहासिनी डाव्या बाजूला उभी होती. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांच्या भाषेत ती क्लीनरची बाजू. इरा फोटो काढायला पुढे गेली होती. दाराची कडी सुहासिनीच्या डोक्याच्याही वर, पायरी गुडघ्याला. तिने हात उंच केला, बोटं कडीला लागली, पण साडीतून पाय वर जाईना. तिने हात खाली घेतला. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे इंजिनाच्या बाजूला. तिला वाटलं, हे बरं झालं, गणित सुटलं. ह्यांचं चाक आपोआप ह्यांच्या बाजूला आलं, तेव्हा हे चाकावर जाऊन बसले आणि दुसरं दार बंद राहिलं. ह्यात त्यांचा दोष नाही. आपणच उगाच एका दारावर सगळा भार टाकला होता. डोळ्यांत आलेलं पाणी तिने धुरावर ढकललं आणि अनिलला हात द्यायला बोलवावं म्हणून ती वळली.

इंजिन चालूच होतं, पण पलीकडचं दार उघडल्याचा आवाज झाला. सूर्यकांतराव खाली उतरले होते. लॉरीच्या लांब नाकाला वळसा घालून ते इकडच्या बाजूला येऊ लागले.

"सर! अहो सर!" अनिल ओरडला. "स्टेअरिंग तिकडेच आहे. बरोबर बसला होतात."

मग जो हशा उसळला त्याला तोड नव्हती. "फिर घूम गया साहब!" म्हणत पठाण ड्रायव्हर एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. अरबाबसुद्धा खुर्चीत हलून हलून हसले. आपल्यावर कुणी हसलेलं सूर्यकांतरावांना मुळीच खपत नसे. साध्या चेष्टेनेही त्यांचे कान लाल व्हायचे. आत्ताही झाले. पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही आणि कुणाला काही समजावलंही नाही. ते डाव्या दारापाशी आले, हात पँटला पुसले, कडी फिरवली आणि दार पूर्ण उघडलं. पायरी उंच आहे हे पाहून त्यांनी हात पुढे केला.

"अहो, लोक हसतायत," सुहासिनी हळूच म्हणाली.

"हसू देत."

"चुकलात का?"

"नाही," ते म्हणाले. "ह्या बाजूला माझं दुसरं काही काम नव्हतं. तू होतीस, म्हणून आलो."

सुहासिनीला पायरी दिसेना, डोळे इतके भरले होते. तिने हात धरला आणि त्या हातावर सगळा भार टाकून वर चढली. "पदर आत घे," त्यांनी सांगितलं, तिने घेतला, आणि दार हलक्या हाताने लागलं. मग ते परत सगळं नाक ओलांडून, पुन्हा सगळ्यांचं हसू अंगावर घेत, आपल्या जागेवर जाऊन बसले. लॉरी नव्या यार्डाकडे निघाली. त्या इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकूही आलं नसतं. गिअर बदलायला त्यांचा हात खाली आला की तिच्या गुडघ्याला लागायचा, आणि तिने गुडघा हलवला नाही.

रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की ही गोष्ट त्याला हमखास ऐकवली जायची: सबनीस साहेबांना अरबाबने शेवटी उजव्या स्टेअरिंगची लॉरी दिली, तर साहेब त्यातूनही उतरून उलट्या बाजूला गेले. अनिलची बायको आल्यावर त्याने ती सबनीसांच्याच जेवणाच्या टेबलावर साग्रसंगीत सांगितली. त्याच्या बायकोला हसू आवरेना. इरा म्हणाली, "ही इज होपलेस." सूर्यकांतराव कान लाल करून आमटी भुरकत होते.

"वहिनी, खरं की नाही?" अनिलने विचारलं. "सांगा हिला, सर किती विसरभोळे आहेत ते."

"काय सांगू बाई," सुहासिनी म्हणाली, "फारच विसरभोळे." आणि तिने नवऱ्याच्या वाटीत आणखी आमटी वाढली.